स्की-स्नोबोर्ड शिकवण्याची हंगामी नोकरी : पहिल्या हिवाळ्याआधी काय माहीत असावं?

उतारवेडी · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गेले तीन हिवाळे सुट्टी मिळेल तशी स्की करते आहे. निळ्या उतारांवर (सोपे ते निळे, मधले लाल, सगळ्यात अवघड काळे) आता निर्धास्त असते. लाल उतारावरही दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं घेता येतात, पण मध्येच एखादा उभा टप्पा आला की अंग आखडतं आणि शिकलेलं सगळं विसरायला होतं. काळ्या उतारांच्या वाटेला अजून गेलेले नाही. वय २६. पुढच्या वर्षी नोकरीतून काही महिने मोकळे करून घेता येतील असं दिसतंय आणि एक अख्खा हिवाळा एखाद्या रिसॉर्टवर नवशिक्यांना शिकवत काढावा अशी फार इच्छा आहे. स्नोबोर्ड आठवडाभर केलाय, म्हणजे केलाच नाही असं धरा.

माहिती शोधायला बसले तर प्रत्येक देशाची वेगळी संस्था, वेगळ्या पातळ्या, वेगळे नियम. डोकं भणाणलं. माझ्याइतपत स्की येणाऱ्या माणसाला कोणी कामावर घेईल का? आधी प्रमाणपत्र काढायचं की आधी अर्ज करायचा? हंगामभरात निदान स्वतःचा खर्च तरी सुटतो का? राहण्याचं काय? पूर्वी चार वर्षं लहान मुलांना पोहायला शिकवलंय, त्याचा काही उपयोग असेल तर तेही सांगा. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्याकडूनच ऐकायचंय.

बोचरा_वारा · सोमवार, रात्री १०:१५

चांगला विषय. माझ्या मुलीच्या मनात हेच घोळतंय, तिलाही धागा वाचायला देतो.

गोठणबिंदू · मंगळवार, सकाळी ७:०५

उतारवेडी, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत : चार वर्षं मुलांना पोहायला शिकवलंय. अर्जात ती पहिल्या ओळीत टाका. मी नऊ हंगाम हे काम केलं, त्यातले तीन दक्षिण गोलार्धात. नव्या भरतीच्या निवडीतही बसलोय. काळ्या उतारावरून झोकात उतरणारे उमेदवार ढिगानं येतात. घाबरलेल्या माणसाशेजारी वीस मिनिटं न वैतागता उभे राहणारे फार थोडे मिळतात. पाण्याला घाबरणारं मूल आणि उताराला घाबरणारा मोठा माणूस यांत फारसा फरक नसतो. दोघंही श्वास धरून ठेवतात आणि दोघंही तुमच्या आवाजाकडे लक्ष देतात, शब्दांकडे नाही.

पहिल्या हंगामात तुम्हाला डोंगराचा माथा क्वचितच दिसेल. दिवस जाईल तो पायथ्याच्या मॅजिक कार्पेटवर, म्हणजे त्या सरकत्या पट्ट्यावर. एका पायात स्की घालून चालणं, आडवं पाऊल टाकत चढणं, सरळ घसरत जाऊन आपोआप थांबणं, मग स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. हेच दिवसातून दोनदा, आठवड्यातून सहा दिवस. 'स्की करायला मिळेल' म्हणून आलेली माणसं जानेवारीत कंटाळतात. शिकवायला आलेली माणसं एप्रिलपर्यंत टिकतात आणि पुढच्या वर्षी परत येतात. तुम्ही यातल्या कोण, हे आधी स्वतःला विचारा. बाकीचे प्रश्न त्यामानानं सोपे आहेत.

आता प्रमाणपत्रांचं. जवळपास प्रत्येक स्कीच्या देशात प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना असते आणि त्यांच्यावर आयएसआयए ही आंतरराष्ट्रीय संघटना. खालच्या पातळ्या एका देशातून दुसऱ्या देशात आपोआप चालतात असं मात्र नाही. कॅनडात पहिली पातळी तीन दिवसांच्या कोर्समध्ये होते, स्कीची आणि स्नोबोर्डचीही. ती घेतली की नवशिक्यांना शिकवता येतं आणि बरीच रिसॉर्ट्स त्यावर कामावर घेतात. अमेरिकेत याहून उलटं : अनेक स्की स्कूल्स प्रमाणपत्र नसलेल्यांनाही घेतात, हंगामाच्या सुरुवातीला स्वतः तयार करतात आणि तिथल्या संघटनेची, म्हणजे पीएसआयए-एएएसआयची, पहिली पातळी त्याच हिवाळ्यात द्यायला लावतात. ब्रिटिश संघटनेची, म्हणजे बासीची, पहिली पातळी फक्त बंदिस्त बर्फाच्या हॉलपुरती आणि कृत्रिम उतारांपुरती असते. खऱ्या डोंगरावर शिकवायला दुसरी लागते. ऑस्ट्रियात 'आनवेर्टर' नावाची प्रवेशाची पायरी आहे, साधारण दहा दिवसांची. पण जर्मन येत असेल तरच तिथे रुळायला सोपं जातं.

फ्रान्सचा विचार पहिल्या हंगामासाठी डोक्यातून काढा. तिथे हा परवान्याचा व्यवसाय आहे. पूर्ण पात्रतेच्या वाटेवर युरोटेस्ट नावाची परीक्षा असते : जायंट स्लॅलमची, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायची शर्यत, घड्याळाशी. चांगले चांगले तिथे पुन्हा पुन्हा नापास होतात. आवश्यक पात्रतेशिवाय पैसे घेऊन शिकवणं तिथे गुन्हा आहे आणि त्यासाठी उतारावरून लोकांना ताब्यात घेतल्याची उदाहरणंही आहेत.

तुमच्या वर्णनावरून पहिल्या पातळीपुरती तुमची स्की पुरेशी वाटते. अंग आखडतं म्हणता ते मात्र आधी सोडवा. त्यासाठी उभा उतार शोधत बसू नका. सोप्या उतारावर अगदी हळू, नीट गोलाई राखत वळणं घ्या. परीक्षक वेग बघत नाहीत, प्रत्येक वळणाला तुम्ही खालच्या स्कीवर उभ्या आहात का ते बघतात.

शिशिरपान · मंगळवार, दुपारी १:२०

गोठणबिंदूंशी शंभर टक्के सहमत. मी चार हंगाम फक्त मुलांचे वर्ग घेतले, चार ते आठ वयाचे. त्यातला एक प्रसंग सांगते, कारण हे काम म्हणजे नेमकं काय ते मला त्या दिवशी कळलं.

सहा वर्षांचा मुलगा. सकाळपासून 'पाय दुखतोय' म्हणून रडत होता. आदल्या दिवशीच्या प्रशिक्षकानं चिठ्ठीत लिहिलेलं, 'इच्छा नाही, आईकडे जायचा हट्ट करतो.' मी त्याला वर्गाच्या कडेला बर्फात बसवलं, हातमोजे काढले आणि बुटाची चारही बकलं उघडली. आत दोन मोज्यांचे थर. शिवाय आतल्या उबदार विजारीची कड घोट्याच्या वर दुमडून बुटात कोंबलेली. नडगीवर त्या दुमडीचा लालभडक वळ उठला होता, बोटानं चाचपता येईल इतका. स्कीच्या बुटात पुढे झुकायचं म्हणजे सगळा भार नेमका त्या वळावर. रडणार नाही तर काय करेल ते पोर! एक मोजा काढला, विजार वर सरकवली, बुटाची जीभ सरळ केली आणि बकलं खालून वर हलकी लावत गेले. दहा मिनिटांत तो पट्ट्यावर उभा होता. दुपारी स्नोप्लाऊ करून स्वतःचा स्वतः थांबला आणि मागे वळून मी बघतेय का ते बघितलं.

आदल्या दिवशीचा प्रशिक्षक माझ्यापेक्षा कितीतरी सरस स्की करायचा. त्यानं बूट उघडला नव्हता, एवढंच.

मुलांच्या वर्गात अर्धं काम असंच असतं. हेल्मेट आणि गॉगलमध्ये कपाळ उघडं राहिलंय का, मोजे ओले आहेत का, शू लागलीय का. दर थांब्याला डोकी मोजायची, आपण मोजली आहेत असं वाटत असलं तरी पुन्हा. चेअरलिफ्टवर कोण कोणाशेजारी बसणार ते रांगेत शिरायच्या आधी ठरवायचं, तिथे पोचल्यावर नाही. आमच्याकडे सगळ्यात लहान मुलाला लिफ्टच्या कर्मचाऱ्याच्या बाजूला बसवायचा नियम होता, म्हणजे चढवताना त्याचा हात पोचतो.

बऱ्याच ठिकाणी मुलांसोबत काम करायला पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मागतात. दोन्ही आधीच काढून ठेवा, ऐन वेळी दाखल्याला उशीर होतो.

तिरपीकड · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

स्नोबोर्डवाल्यांच्या वतीनं थोडं. धागाकर्तीला बोर्ड येत नसला तरी वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी उपयोग होईल.

स्की पहिल्या दिवशी सोपी आणि नंतर अवघड होत जाते. बोर्डचं बरोबर उलटं आहे. पहिले दोन दिवस माणूस नुसता आपटतो, मग अचानक जमून जातं. त्यामुळे स्नोबोर्ड शिकवणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे नीट पडायला शिकवणं. पडताना हात मागे टेकवला की मनगट गेलं. नवशिक्या बोर्डरना सगळ्यात जास्त तीच दुखापत होते. मुठी मिटा, कोपरं दुमडा, पुढे पडलात तर गुडघे आणि पुढचा हात टेकवा, मागे पडलात तर बसून लोळण घ्या. मी पहिली वीस मिनिटं पायात बोर्ड न घालता हेच करवून घेतो. वर्गातले काही वैतागतात, पण मी सोडत नाही.

मग कोणता पाय पुढे ते ठरवायचं, डावा म्हणजे रेग्युलर, उजवा म्हणजे गूफी. एक पाय मोकळा ठेवून ढकलत चालणं. टाचेच्या कडेवर आडवं घसरणं. मग 'फॉलिंग लीफ' : बोर्ड आडवाच ठेवून गळत्या पानासारखं या बाजूला, त्या बाजूला झुलत खाली येणं. इथपर्यंत सगळे खूश असतात. चवड्याच्या कडेवर जायची वेळ आली की चेहरे बदलतात, कारण आता तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे. खाली काय आहे ते दिसत नाही. त्या क्षणी प्रशिक्षकानं जवळ उभं राहून दोन्ही हात द्यायचे आणि शिकणाऱ्याला आपल्या तोंडाकडे नाही, वर डोंगराकडे बघायला लावायचं. नजर खाली वळली की खांदे वळतात, खांदे वळले की कड सुटते.

नोकरीच्या बाजूनं सांगायचं तर बोर्डचे वर्ग बहुतेक ठिकाणी स्कीपेक्षा कमी असतात. मात्र ज्याला दोन्ही शिकवता येतं तो मंदीच्या आठवड्यातही रिकामा राहत नाही. आणि अर्ज करताना बघून घ्या : अमेरिकेतल्या आल्टा, डियर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी आजही स्नोबोर्डला बंदी आहे. हा खेळ १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये गेला, तरी तिथला दरवाजा काही उघडला नाही. मला याचं वाईट वाटतं.

धुक्यातला · मंगळवार, रात्री ११:३०

पैशांबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. माझा पहिला हंगाम पैशांच्या बाबतीत वाईट गेला आणि दोष बराचसा मी प्रश्न न विचारल्याचा होता. रिसॉर्टचं नाव घेत नाही.

नेमणूकपत्रात 'पूर्णवेळ हंगामी प्रशिक्षक' असं होतं. मी समजलो, आठवड्याला चाळीस तासांचा पगार. प्रत्यक्षात पगार फक्त शिकवलेल्या तासांचा. रोज सकाळी साडेआठला गणवेश घालून लाइनअपला उभं राहायचं. पर्यवेक्षक येणार, किती गट झाले ते बघणार आणि एकेकाला नावानं पुकारणार. आधी वरच्या पातळीचे, मग जुने, मग आम्ही. पुकारा झाला नाही तर दहा वाजता घरी. त्या दीड तासाचे पैसे नाहीत. नाताळ ते नववर्ष एवढं काम होतं की पाय सुजले. मग जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझे एकूण ११ तास भरले. खोलीचं भाडं मात्र दर पंधरवड्याला पगारातून कापलं जात होतं. एका पंधरवड्याला हातात इतकं कमी आलं की मी रात्री भाड्याच्या सामानाच्या दुकानात बूट वाळवायचं काम धरलं.

म्हणून उतारवेडी, सही करण्याआधी लेखी विचारा. किमान तासांची हमी आहे का? लाइनअपला उभं राहिल्याचे पैसे मिळतात का? सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या दिवसांचे मिळतात का? भाडं किती, अनामत परत कधी, खोलीत किती जण? गणवेशाची अनामत आहे का? आणि कामाची सुरुवात ठरलेल्या तारखेला होते की 'बर्फावर अवलंबून'? हा शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. रिसॉर्ट दोन आठवडे उशिरा उघडलं आणि ते दोन आठवडे मी साठवणीतून काढले.

गोठणबिंदू · बुधवार, सकाळी ६:५०

धुक्यातला, हे सविस्तर लिहिलंत ते फार बरं केलंत. लाइनअपची पद्धत बऱ्याच ठिकाणी अशीच चालते. उभं राहिल्याचे पैसे न देणं मला स्वतःला अन्यायाचं वाटतं आणि काही स्कूल्स ते देतातही. तेव्हा विचारायला लाजू नये.

यातून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे 'रिक्वेस्ट'. एखाद्या कुटुंबानं तुमचं नाव घेऊन खासगी धडा मागितला की तुम्ही रांगेच्या बाहेर. असे धडे सहसा जास्त दराचे असतात, आणि उत्तर अमेरिकेत वर बक्षिशीही मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात तीच कुटुंबं त्याच आठवड्यात परत येतात. म्हणून पहिल्या हंगामाचा ताळेबंद पैशात मांडला तर तो जेमतेम जुळतो. या कामात पैसे दिसतात ते परत येणाऱ्याला. धडा संपल्यावर पालकांशी दोन मिनिटं बोला, मूल आज काय शिकलं आणि उद्या काय करणार ते नेमकं सांगा. 'छान केलं' एवढ्यावर सोडू नका. रिक्वेस्ट तिथूनच येते.

मंदीचे आठवडे वाया घालवू नका. जवळपास सगळी स्कूल्स प्रशिक्षकांसाठी सराववर्ग घेतात, ते बहुधा फुकट असतात. माझी दुसरी पातळी मी अशाच रिकाम्या जानेवारीत काढली.

बर्फाचा मुद्दाही खरा आहे. कृत्रिम बर्फ करायलासुद्धा हवा थंड आणि कोरडी लागते : ओल्या थर्मामीटरवरचं (हवेतला ओलावा धरून मोजलेलं) तापमान साधारण उणे २ अंशांच्या खाली. कमी उंचीच्या डोंगरांवर डिसेंबरच्या सुरुवातीला हे जुळेलच असं आता राहिलेलं नाही. पहिल्या हंगामासाठी उंचावरचं किंवा भरवशाच्या थंडीचं ठिकाण बघा.

कोरडा_उतार · बुधवार, सकाळी ११:१०

एक वेगळी वाट सुचवतो. मी डोंगर बघायच्या आधी बंदिस्त हॉलमध्ये शिकवलं, आठ महिने. असे हॉल आता अनेक देशांत आहेत, वाळवंटातसुद्धा. स्की दुबई २००५ सालीच सुरू झालं. बाहेर उन्हाळा असो की पाऊस, आत वर्षभर एकच छोटा उतार, एकच तापमान आणि तासातासाला नवे नवशिके.

ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण मला शिक्षक म्हणून घडवलं ते त्यानंच. उतार बदलत नाही, बर्फ बदलत नाही, बदलतो फक्त समोरचा माणूस. तेच वाक्य एकाला लगेच कळतं आणि दुसऱ्याला अजिबात कळत नाही, म्हणजे गडबड बर्फात नसून माझ्या वाक्यात आहे, हे तिथे लपवता येत नाही. पुढे डोंगरावर गेलो तेव्हा माझ्या वहीत नवशिक्यांचे शेकडो तास होते आणि मुलाखतीत त्यावरच बोलणं झालं.

नकाशा · बुधवार, दुपारी ३:००

व्हिसाबद्दल. नोकरी मिळणं आणि काम करायचा परवाना मिळणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रिसॉर्टचं पत्र हातात आलं म्हणजे परवाना आला असं नाही. पहिल्या वर्षीच्या प्रशिक्षकासाठी मालक स्वतः व्हिसा प्रायोजित करतो हे विरळा. बहुतेक जण 'वर्किंग हॉलिडे' व्हिसावर जातात आणि तो तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावर ठरतो, कारण तो दोन देशांमधल्या करारातून येतो. वयाची मर्यादा बहुधा ३०, काही करारांत ३५. काही ठिकाणी जागा मर्यादित असून सोडत निघते. त्यामुळे क्रम असा ठेवा की आधी आपल्या पासपोर्टवर कोणते देश खुले आहेत ते त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर बघायचं, मग त्या देशातल्या संघटनेची पातळी निवडायची, मग अर्ज. मी उलट्या क्रमानं गेलो होतो, आणि ज्या देशाचं प्रमाणपत्र काढलं तिथे काम करायची मला परवानगीच मिळाली नाही.

पर्यटक व्हिसावर जाऊन 'मोबदला नाही, नुसती मदत करते' असंही करू नका. अनेक देशांत तेही कामच धरतात. ओळखीच्या लोकांना गुपचूप पैसे घेऊन शिकवणं तर त्याहून वाईट : रिसॉर्ट पास काढून घेतं आणि अपघात झाला तर विमा पाठीशी नसतो.

अर्जांचं वेळापत्रक : उत्तर गोलार्धात हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल, पण चांगल्या जागा उन्हाळ्यापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत भरत जातात. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिना इथे हंगाम जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच.

परतीची_वाट · बुधवार, रात्री ९:२५

विम्याचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका, आणि कृपया मनावर घ्या.

दुसऱ्या हंगामात, फेब्रुवारीत, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर गेले होते. ओल्या जड बर्फात एक स्की अडकली, शरीर पुढे गेलं, गुडघा तिथेच राहिला. 'टप्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, पूर्ण तुटला होता. शिकवताना झालं असतं तर मालकाच्या विम्यात बसलं असतं. सुट्टीच्या दिवशी झालं म्हणून नाही बसलं. गणवेश नसलेल्या त्या एका दिवसानं सगळं बदललं. आणि मला ठाऊकच नव्हतं की खोली नोकरीला जोडलेली असते : काम करू शकत नाही म्हटल्यावर आठवड्याभरात खोली रिकामी करायला सांगितली. कुबड्या घेऊन मी सामान बांधलं.

स्वतःचा वेगळा विमा काढा, ज्यात बर्फावरचे खेळ, हंगामभराचा कालावधी, आखलेल्या उतारांबाहेरचा भाग आणि घरी परत आणण्याचा खर्च हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असेल. सहलीचा साधा विमा यात बसत नाही.

बाकी काठीचा पट्टा मनगटात अडकवून पडलात तर अंगठ्याचा सांधा उलटा वळतो, त्याला 'स्कीअरचा अंगठा' असंच नाव आहे. आणि उन्हाला हलकं घेऊ नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, शिवाय दर हजार मीटरला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. ढगाळ दिवशी गॉगल न लावता शिकवलं आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन जागून काढली, असा सहकारी मी पाहिलाय.

पाऊलखुणा · गुरुवार, सकाळी ८:३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. लोकांना पातळीनुसार गटांत वाटून शिकवायची जी पद्धत आज सगळीकडे दिसते, ती रुजवण्याचं श्रेय मुख्यतः हान्नेस श्नायडर यांना देतात. ऑस्ट्रियातल्या सेंट आंटोनला त्यांनी १९२१ साली स्की स्कूल काढलं. १९३० मध्ये जपानला जाऊन शिकवलं. नाझींच्या काळात त्यांना देश सोडावा लागला आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेत नॉर्थ कॉनवेला आले, तिथेही पुन्हा तेच काम, शिकवण्याचं. लाइनअपमध्ये नावाचा पुकारा होतो तेव्हा मला नेहमी त्यांची आठवण येते.

बोचरा_वारा · गुरुवार, दुपारी १२:४०

मुलीचा प्रश्न विचारतो. दहा-बारा आठवड्यांचे कोर्स असतात, राहण्यासकट, शेवटी 'नोकरीची हमी' असं जाहिरातीत लिहिलेलं. खर्च मोठा आहे. घ्यावा का?

धुक्यातला · गुरुवार, दुपारी १:१५

'हमी' शब्दाची फोड करून मागा. माझ्या खोलीतल्या एकाला हमी मिळाली होती, ती मुलाखतीची निघाली. नोकरीची नाही.

शिशिरपान · गुरुवार, दुपारी ४:००

मी असाच कोर्स केला आणि मला पश्चात्ताप नाही. माझी स्की अगदी कच्ची होती. रोज प्रशिक्षकाबरोबर दहा आठवडे घालवल्यानं जे सुधारलं ते सुट्ट्यांमध्ये पाच वर्षांत झालं नसतं. ज्याची स्की कच्ची आहे आणि हातात पैसे आहेत त्यानं घ्यावा. ज्याची स्की पहिल्या पातळीच्या जवळ आहे त्यानं तीन दिवसांचा कोर्स करून थेट कामाला लागावं. त्या दहा आठवड्यांत जेवढं शिकाल, तेवढं पगार घेऊन शिकता येतं.

बोचरा_वारा, बाबा म्हणून तुम्ही विचारताय म्हणून सांगते, मुलीला आधी एक दिवस एखाद्या मुलांच्या वर्गाला बघायला उभं करा. बरीचशी स्कूल्स विचारलं तर परवानगी देतात. त्या दिवसानंतर ती स्वतःच ठरवेल.

गोठणबिंदू · गुरुवार, रात्री १०:०५

शिशिरपान यांच्याशी सहमत.

सुरक्षेबद्दल एक सांगायचं राहिलं, ते पहिल्या दिवसापासून अंगात भिनलेलं हवं. एफआयएसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, आचारसंहितेत दहा नियम आहेत. त्यातला मुख्य असा की वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं. पण तुमच्या वर्गातल्या कोणाला कोणी ठोकलं तर नियम तुमच्या बाजूनं असून काय उपयोग? म्हणून गट थांबवायची जागा नीट निवडा. उताराच्या कडेला, वरून दिसेल अशा ठिकाणी. उंचवट्याच्या लगेच खाली कधीच नाही, वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. आणि प्रत्येकानं येऊन आधीच्याच्या खालच्या बाजूला थांबायचं, वर नाही. थांबता आलं नाही तर निदान रांगेतल्या कोणावर आदळत नाही. मी हे वर्गाला पहिल्याच थांब्यावर सांगतो आणि दर थांब्यावर बघतो. ज्या दिवशी बघायला विसरलो त्या दिवशी एका बाईंच्या घोट्याला लागलं. तेरा वर्षं झाली, अजून आठवतं.

उतारवेडी · पुढच्या महिन्यात, रविवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा तीन-चारदा वाचून काढला, वहीत उतरवून घेतला. काय केलं ते कळवते.

नकाशा यांचा क्रम पाळला. आधी पासपोर्टवर काय खुलं आहे ते बघितलं, तेव्हा डोक्यातल्या चार देशांपैकी दोन गळले. उरलेल्यांतल्या तीन स्कूल्सना अर्ज केले, पहिल्या ओळीत पोहण्याची चार वर्षं. दोघांचं उत्तर आलं. काल एकाची मुलाखत झाली, व्हिडिओवर.

स्कीबद्दल त्यांनी पाच मिनिटंही विचारलं नाही. म्हणाले, 'दोन मिनिटांत आम्हाला काहीतरी शिकवा, काहीही.' समोर दोघं होते. मी बुटाच्या नाडीची एका हातानं बांधायची गाठ शिकवली. एकाला जमली. दुसऱ्याला दोनदा जमली नाही, तेव्हा मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नाडी बोटांना कशी लागते तेवढंच सांगायला लावलं. पोहताना मुलांना असंच करायचे. तिसऱ्यांदा जमली. त्यानंतर ते गृहस्थ माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, कागदावर लिहीत राहिले.

मग मी धुक्यातला यांचे प्रश्न विचारले, सगळे, कागदावरून वाचून. लाइनअपला उभं राहण्याचे पैसे मिळतात, कमी दरानं. किमान तासांची हमी फक्त गर्दीच्या आठवड्यांना. खोलीत तिघी, नोकरी संपल्यापासून दहा दिवसांत रिकामी करायची. सुरुवात 'बर्फावर अवलंबून'. हे सगळं लेखी पाठवतो म्हणाले आणि आज सकाळी खरंच आलं, नेमणूकपत्रासह. अजून सही केलेली नाही. विमा कंपनीला विचारलंय की सुट्टीच्या दिवशी आखलेल्या उतारांबाहेर झालेली दुखापत बसते का. त्यांचं उत्तर आलं की सही करेन.

तीन दिवसांचा पहिल्या पातळीचा कोर्स हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, तिथेच. गोठणबिंदू, एकच विचारायचंय. माझे बूट भाड्याचेच असतात. कोर्सच्या आधी स्वतःचे घ्यावेत का?

गोठणबिंदू · रविवार, रात्री ९:००

फार आनंद झाला.

हो, घ्या. बाकी सगळं भाड्यानं चालेल, स्कीसुद्धा, पण बूट स्वतःचे हवेत. घरबसल्या मागवू नका, बूट बसवून देणाऱ्याकडे प्रत्यक्ष जा, दुपारनंतर, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात. एकच पातळ मोजा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे पुढे झुकवल्यावर मागे सरकायला हवीत. टाच उचलली जात असेल तर तो बूट मोठा आहे, कितीही आरामशीर वाटला तरी. घेतल्यावर रोज संध्याकाळी तासभर घरात घालून बसा, म्हणजे कुठे टोचतं ते कोर्सच्या आधी कळेल आणि तेवढी जागा त्यांच्याकडून सैल करून घेता येईल.

शिशिरपान · रविवार, रात्री ९:१०

आणि विजारीची कड बुटाच्या बाहेर.